पाचवा शनिवार कोणाचा?

दर महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी सकाळी १० पासून रविवारी संध्याकाळी ६ पर्यंत मूल वडिलांकडे राहील. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी निम्मी निम्मी. वाढदिवशी मूल ज्याच्याकडे नसेल त्याला दोन तास भेट. बुधवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल. न्यायला वडिलांनी यायचं, आणून सोडायचंही त्यांनीच. दप्तर आणि चालू असलेली औषधं आईने बरोबर द्यायची. शाळेच्या स्नेहसंमेलनाला दोघांनाही येता येईल.

आईवडील वेगळे झाले की मुलांसाठी कुटुंब न्यायालयात जे आदेश होतात, किंवा दोघांच्या संमतीने ज्या अटी लिहून दिल्या जातात, त्यांचा साचा साधारण असा असतो. पहिल्यांदा वाचणारा चक्रावतो. जमिनीच्या हद्दी ठरवणारी, जन्मठेप सुनावणारी न्यायसंस्था इथे खोकल्याचं औषध पिशवीत कोणी ठेवायचं ते लिहिते आहे! आणि इतकं बारीक लिहूनही काहीतरी सुटतंच. महिन्यात पाच शनिवार आले तर? वर्षातल्या चार महिन्यांत, कधी पाच महिन्यांत, ते येतातच. ‘पहिला आणि तिसरा शनिवार’ असं लिहिलं तर वर्षाला २४ भेटी होतात, ‘एक आड एक शनिवार’ लिहिलं तर २६. दोन शब्दरचनांमधला फरक दोन मुक्कामांचा आहे. त्या दोन मुक्कामांवरून पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख.

मूल कोणाचं, हा प्रश्न गोष्टींमध्ये फार जुना आहे. जातककथांमधल्या महौषधापुढे दोन स्त्रिया एका मुलावर हक्क सांगत येतात. त्यातली एक खरं तर यक्षिणी. महौषध जमिनीवर रेघ ओढतो, मुलाला रेघेवर ठेवतो आणि दोघींना आपापल्या बाजूला ओढायला सांगतो. मूल रडू लागताच एक जण हात सोडते, आणि मूल तिलाच मिळतं. ब्रेख्तच्या नाटकात रेघेच्या जागी खडूचं वर्तुळ आलं. चिं. त्र्यं. खानोलकरांनी ते ‘अजब न्याय वर्तुळाचा’ या नावाने मराठीत आणलं आणि विजया मेहतांनी रंगमंचावर उभं केलं. तिथे मूल जन्मदातीला न मिळता सांभाळणारीला मिळतं.

या सगळ्या गोष्टींत न्याय करणाऱ्याची एक मोठी सोय असते: दोघींपैकी एकीचा दावा पोकळ असतो. कुटुंब न्यायालयाच्या न्यायाधीशाला ही सोय नाही. समोर उभे असलेले दोघंही खरे. महौषधाची परीक्षा इथे लावायला गेलं तर निकाल उलटाच लागेल. मुलाची ओढाताण नको म्हणून ज्याने हात सोडला, त्याच्याबद्दल समोरचे वकील म्हणणार, ‘सहा महिने भेटायलासुद्धा आलेले नाहीत, साहेब.’ दोघांतून एक निवडण्यात अर्थ नाही हे उमगलं, तेव्हा कायदा माणूस निवडायचं सोडून वेळ वाटायला लागला. त्याला हे उमगायला दीडशे वर्षं लागली, आणि ती वाट फार मजेशीर आहे.

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात प्रश्नच नव्हता. मूल बापाचं. लेखिका कॅरोलाइन नॉर्टन १८३६ साली नवऱ्यापासून वेगळी झाली तेव्हा तिचे तिन्ही मुलगे त्याच्याकडे राहिले आणि तिला त्यांना भेटण्याचाही हक्क उरला नाही. तिने पत्रकं लिहिली, खासदारांच्या मागे लागली, आणि १८३९ साली कायदा बदलून घेतला. सात वर्षांखालच्या मुलांच्या ताब्यासाठी आईला अर्ज करता येऊ लागला आणि त्याहून मोठ्या मुलांना भेटण्याची परवानगी मागता येऊ लागली. अट एकच, तिच्यावर व्यभिचाराचा ठपका नको. बापावर ठपका असला तर काय, हे विचारायचं त्या काळी कोणाला सुचलं नसावं.

पुढच्या इतिहासाचा एक धागा आपल्या ओळखीच्या बाईंच्या आयुष्यातून जातो. अ‍ॅनी बेझंट नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या तेव्हा लहान मुलगी त्यांच्याकडे होती. त्या निरीश्वरवादी, त्यात संततिनियमनावरची पुस्तिका छापल्याबद्दल त्यांच्यावर खटला झालेला. १८७८ साली न्यायालयाने ही बाई मुलगी वाढवायला योग्य नाही असं ठरवून मुलीचा ताबा वडिलांना दिला. पस्तीस वर्षांनी त्याच बाई मद्रासच्या न्यायालयात दुसऱ्या बाजूला उभ्या होत्या. जे. कृष्णमूर्ती आणि त्यांचा भाऊ नित्यानंद यांना वडिलांनी बेझंटबाईंच्या पालकत्वाखाली दिलं होतं, आता ते मुलांना परत मागत होते. मद्रास उच्च न्यायालय वडिलांच्या बाजूने गेलं. १९१४ साली प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. मुलं इंग्लंडमध्ये राहत असताना मद्रासच्या न्यायालयाला हा अधिकारच नव्हता, आणि मुलांचं म्हणणंही कोणी विचारलं नव्हतं. ज्या बाईंकडून कायद्याने मुलगी काढून घेतली, त्यांच्याच खटल्यामुळे पालकत्वाच्या भारतीय कायद्याला एक पायंडा मिळाला.

ज्या कायद्यावर तो निकाल उभा होता, तो १८९० चा ‘पालक आणि पाल्य कायदा’ आजही चालू आहे. मूल ज्या भागात नेहमी राहतं तिथल्याच न्यायालयात अर्ज, हा नियम त्याचाच. मुलाचं हित कशात आहे ते पाहा, त्याचं वय पाहा, आणि त्याला समजून-उमजून पसंती सांगता येत असेल तर तीही विचारात घ्या, असं त्याचं सतरावं कलम सांगतं. समज किती वर्षांनी येते हे मात्र त्याने लिहिलेलं नाही. मला हे शहाणपणाचं वाटतं. नऊ वर्षांची एखादी मुलगी घरातल्या भांडणाचं मूळ नेमकं सांगते, आणि सोळाचा मुलगा नवा मोबाइल देणाऱ्याच्या बाजूने बोलतो.

१९४० च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयाने एका खटल्यात म्हटलं की आई मुलाचा सांभाळ करायला योग्य असेल, तर लहानग्यासाठी तिची जागा भरून काढणारं दुसरं कोणी सापडणं अशक्यच. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात तेच आलं: पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे. पण त्याच कलमात नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि ‘त्यांच्यानंतर’ आई. लेखिका गीता हरिहरन मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला गेल्या, तेव्हा बँकेने वडिलांची सही मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९९९ साली न्यायालयाने अर्थ लावला की ‘नंतर’ म्हणजे मृत्यूनंतरच नव्हे. वडील लक्ष घालत नसतील, दूर असतील, तर तेव्हाही आई पालकच आहे. पाच वर्षांच्या नियमाचा कस गोव्यातल्या एका खटल्यात लागला. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितलं की एवढ्या लहान मुलाच्या बाबतीत आईने स्वतःची लायकी सिद्ध करत बसायचं कारण नाही. ती लायक नाही असं वडिलांचं म्हणणं असेल तर ते त्यांनी दाखवावं.

आता वेळेच्या वाटणीकडे येऊ. इथे कायदा आणि गणित यांची गाठ पडते.

सुरुवातीचा आदेश पुन्हा पाहा. शनिवारी १० ते रविवारी ६ म्हणजे ३२ तास. महिन्यातून दोनदा, म्हणजे ६४. तीस दिवसांच्या महिन्यात ७२० तास असतात. वडिलांच्या वाट्याला नऊ टक्क्यांहून थोडं कमी, आणि त्यातही मूल झोपलेलं असतं ते तास धरलेले. समसमान वाटणी करायची म्हटली तर जगभरात तीन रचना रूढ आहेत. पहिलीत सोमवार-मंगळवार आई, बुधवार-गुरुवार बाबा, शुक्रवार ते रविवार पुन्हा आई, आणि पुढच्या आठवड्यात सगळं उलट. चौदा दिवसांत सात-सात होतात, कोणालाही तीन दिवसांपेक्षा जास्त मुलावाचून राहावं लागत नाही. पण पंधरवड्यात मूल सहा वेळा घर बदलतं. दुसरीत सोमवार-मंगळवार कायम आईचे, बुधवार-गुरुवार कायम बाबांचे, शुक्रवार ते रविवार आलटून पालटून. घर बदलणं चारवर येतं, पण ताटातूट पाच दिवसांपर्यंत जाते. तिसरीत आठवडा इकडे, आठवडा तिकडे: अदलाबदल फक्त दोन, विरह सात दिवसांचा.

यातून सुटका नाही. फेऱ्या कमी केल्या की विरह लांबतो, विरह कमी केला की मुलाचं दप्तर सतत रस्त्यावर. चौदाचे दोन सारखे भाग कसेही पाडा, या दोनपैकी एक किंमत मोजावीच लागते. ती कोणत्या वयाला कोणती झेपते, एवढंच माणसाच्या हातात राहतं. दीड वर्षाच्या बाळाला आठवडा म्हणजे काय ते कळत नाही. त्याच्यासाठी भेटी छोट्या पण वरचेवर हव्यात असं बालमानसतज्ज्ञ सांगतात. बारा वर्षांच्या मुलाला आठवडा सहज पेलतो, फक्त त्याच्या क्रिकेटच्या सरावाचं मैदान दुसऱ्या टोकाला नको.

मानसतज्ज्ञांचंही सगळं एकमताने चाललेलं नव्हतं. १९७३ साली जोसेफ गोल्डस्टाइन, अ‍ॅना फ्रॉइड आणि अल्बर्ट सॉल्निट या तिघांनी मांडलं की मुलाला सगळ्यात जास्त गरज सातत्याची असते, म्हणून ज्याच्याकडे मूल राहतं त्यानेच दुसऱ्याला भेटू द्यायचं की नाही हे ठरवावं. न्यायालयाने त्यात पडू नये. आज हे वाचून धस्स होतं. त्याच दशकात कॅलिफोर्नियात ज्युडिथ वॉलरस्टाइन आणि जोन केली विभक्त झालेल्या साठ कुटुंबांतल्या १३१ मुलांना भेटत होत्या, काही वर्षांच्या अंतराने पुन्हा भेटत होत्या. १९८० साली त्यांचं पुस्तक आलं. मुलं घर सोडून गेलेल्या वडिलांची वाट पाहत होती आणि ‘एक आड एक शनिवार-रविवार’ त्यांना मुळीच पुरत नव्हता. तज्ज्ञांनी तर्काने लिहिलं होतं, या दोघींनी मुलांना विचारलं होतं.

त्यानंतर पाश्चात्त्य देशांत वारं फिरलं. स्वीडनमध्ये आठवड्याआड घर बदलणारी मुलं अगदी सर्रास दिसतात. ऑस्ट्रेलियाने २००६ साली कायद्यातच लिहून टाकलं की पालकत्वाची जबाबदारी दोघांची सारखी असं गृहीत धरावं. लोकांनी त्याचा अर्थ काढला, ‘मुलाचे निम्मे दिवस माझे!’ मारहाण करणाऱ्याच्या हातीही हे गृहीतक हत्यार म्हणून जातं, अशी टीका वाढत गेली. शेवटी २०२३ साली कायदा पुन्हा बदलला आणि मे २०२४ पासून ते गृहीतक रद्द झालं. एका देशाने सतरा-अठरा वर्षं एक सूत्र वापरून पाहिलं आणि सरळ मागे घेतलं. कायद्यांच्या जगात असा प्रांजळपणा विरळा.

आपल्याकडे असं सूत्र नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ साली मात्र एक धाडसी वाटणी केली: १ जानेवारी ते ३० जून मुलगा वडिलांकडे, १ जुलै ते ३१ डिसेंबर आईकडे, आणि त्या त्या काळात दुसऱ्या पालकाला शनिवार-रविवारी भेट. ऐकायला किती नेटकं! पण भिंतीवरचं कालनिर्णय काढून पाहा. गणपती, नवरात्र, दिवाळी हे तिन्ही दरवर्षी उत्तरार्धातच येणार. अधिक महिना आला तरी ते तिथून हलत नाहीत. मे महिन्याची अख्खी सुट्टी आणि होळी पूर्वार्धात. म्हणजे बारा महिन्यांचे सहा-सहा केले तरी एकाच्या वाट्याला सण आणि दुसऱ्याच्या वाट्याला आंबे.

म्हणून अनुभवी वकील सणांचं कलम वेगळं लिहितात. सम वर्षी लक्ष्मीपूजन आईकडे, विषम वर्षी बाबांकडे. गौरी-गणपतीला मूल ज्याच्या घरचा गणपती मोठा त्याच्याकडे दीड दिवस. आणि लक्ष्मीपूजन नेमकं तिसऱ्या शनिवारी आलं तर वरचढ कोण, सण की शनिवार, हेही लिहायचं. तिथीने चालणारे सण आणि तारखेने चालणारं न्यायालय यांची सांगड घालणं हे या वकिलीतलं खरं कसब आहे.

महाराष्ट्रात कुटुंब न्यायालयं १९८९ साली पुण्यात आणि मुंबईत सुरू झाली. १९८४ च्या मूळ कायद्याने त्यांना एक वेगळंच काम सांगितलेलं आहे: आधी समेट घडतो का पाहा. त्यासाठी न्यायालयातच विवाह समुपदेशक असतात. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या न्यायालयात मुलांसाठी वेगळी जागा आहे. जिथे बाहेर भेटणं दोघांना नको असतं, तिथे खेळणी आणि छोट्या खुर्च्यांच्या त्या खोलीत भेट होते. कोर्टात सगळे तिला नुसतं ‘अ‍ॅक्सेस’ म्हणतात. ‘आज अ‍ॅक्सेस आहे.’ मुलंसुद्धा तसंच म्हणायला शिकतात.

न्यायाधीश कधी कधी मुलाला चेंबरमध्ये बोलावून एकट्याने बोलतात. आई नाही, बाबा नाहीत, वकील नाहीत. या बोलण्याला किती वजन द्यायचं यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली जे केलं ते मला फार विलक्षण वाटतं. मुलगी दोन वर्षांचीही नव्हती तेव्हापासून वडिलांकडे वाढलेली. विचारल्यावर तिने वडिलांकडेच राहायचं सांगितलं. न्यायालयाचा युक्तिवाद असा: हिने आईबरोबर राहून पाहिलेलंच नाही, मग ही तुलना कशाच्या आधारावर? तिला आईकडे पाठवलं, आणि वर्षभराने वडिलांना पुन्हा अर्ज करायची मुभा ठेवली. मुलीच्या शब्दाचा मान राखायचा की तिला माहीत नसलेल्या शक्यतेचा, हा खरं तर तत्त्वज्ञानाच्या वर्गातला प्रश्न. इथे तो दोन न्यायमूर्तींना निकालपत्रात सोडवावा लागला.

घरं दोन देशांत असली की मात्र हे सगळं वेळापत्रक कोलमडतं. १९८६ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात राहणाऱ्या एका वडिलांनी न्यायालयाने दिलेल्या भेटीच्या वेळेत मुलाला घेतलं आणि परत न सोडता थेट पुणं गाठलं. आई मागोमाग भारतात आली. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी मुलाला आईच्या हवाली करायला लावलं. मुलं अशी पळवून नेली तर परत कशी पाठवायची यावर १९८० चा हेग करार आहे. भारत त्यात सामील झालेला नाही, त्यामुळे परदेशातल्या मराठी जोडप्यांची अशी भांडणं इथे आली की प्रत्येकाचा विचार नव्याने होतो. भेटीबरोबर मुलाचा पासपोर्ट न्यायालयात जमा करायची अट का घालतात, ते यावरून कळावं. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने असंही सांगितलं की दुसऱ्या राज्यात किंवा देशात असलेल्या पालकाला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं फोनवर किंवा व्हिडिओवर बोलता आलं पाहिजे, कारण दोघांचं प्रेम मिळणं हा मुलाचा हक्क आहे. अंतर आड येत असेल तर ते स्क्रीनवरून तरी ओलांडा, असं त्याचं म्हणणं.

आदेश मोडला तर? मुलाला ताप आला, परीक्षा आहे, पाहुणे आलेत. हुकलेल्या भेटीच्या बदल्यात दुसरी भेट देता येते, खर्च लावता येतो, अवमानाची कारवाई होते, फारच झालं तर ताबा बदलतो. १८९० च्या कायद्याच्या पंचविसाव्या कलमात आणखी एक उपाय पडून आहे: पालकाकडे परत पोचवण्यासाठी न्यायालय त्या मुलाला अटक करवू शकतं. होय, मुलाला! विधी आयोगाने मे २०१५ मध्ये आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताबा आणि पालकत्वाचा आराखडा यांची शिफारस केली. ती कायद्यात कधी उतरेल तेव्हा उतरो. त्या आधी हे अटकेचं वाक्य तरी खोडावं.

या सगळ्यात मला सर्वांत नवल वाटतं ते आदेशाच्या आयुष्याचं. जमिनीच्या दाव्याचा निकाल अंतिम झाला की झाला. ताब्याचा आदेश मात्र कधीच पक्का होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच सांगून ठेवलं की मुलं म्हणजे मालमत्ता नव्हेत, आणि परिस्थिती बदलली की आदेशही बदलू शकतो. हिंदू विवाह कायद्याचं सव्विसावं कलमही घटस्फोटाच्या हुकूमनाम्यानंतर पुन्हा पुन्हा फेरबदल करू देतं. तीन वर्षांच्या मुलीसाठी लिहिलेलं वेळापत्रक ती आठ वर्षांची झाल्यावर लागू पडणार नाही, हे न्यायाधीशाला लिहितानाच ठाऊक असतं. आपण लिहितोय ते जुनं होणार हे गृहीत धरून लिहायचं, असं काम न्यायसंस्थेत फार थोड्या ठिकाणी आहे.

मूल सज्ञान झालं की ताब्याचा आदेश संपतो. न्यायालयाने पालक नेमलेल्या मुलांना १९९९ पर्यंत सज्ञान व्हायला २१ वर्षं लागत, इतरांना १८. त्या वर्षी तो भेद काढला. आता अठरा पूर्ण झाली की पहिला, तिसरा आणि पाचवाही शनिवार त्या मुलाचा स्वतःचा.